खारीचा वाटा

सभेत एखादा वक्ता 'या कार्यात माझाही खारीचा वाटा आहे' असे म्हणून खाली बघू लागला, की हुशार श्रोत्याने समजावे, देणगीचा आकडा बराच मोठा आहे आणि तो आता दुसऱ्या कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावा अशी गृहस्थांची इच्छा आहे. आपल्या भाषेने खारीला असा मान दिला आहे. ती सेतूच्या कामावर गेली, ओल्या अंगाला वाळू चिकटवून तिने ती दगडांच्या फटींत झटकली आणि श्रीरामाने तिच्या पाठीवरून बोटे फिरवली, ही कथा लहानपणी ज्याने ऐकली नाही असा मराठी माणूस विरळाच. पण ही झाली वाटा देणारी खार. तीच खार आपला वाटा मागायला परसदारी येते आणि पाखरांसाठी टांगलेल्या दाण्यांत तोंड घालते, तेव्हा आपण तिचे स्वागत कसे करतो? पत्र्याने, ग्रीसने आणि तिखटाने! रामाची बोटे त्या वेळी कोणाला आठवत नाहीत.

शेवगावात राहणाऱ्या माणसाला अशा विसंगतीची तशी सवय असते. आमचा तालुका पर्जन्यछायेतला. खरिपात बाजरी, तूर आणि कापूस, रब्बीत ज्वारी. आणि या सगळ्यावर आभाळाची मर्जी. बाजरीत दाणा भरू लागला किंवा ज्वारी हुरड्यात आली, की पाखरांना निरोप कोण धाडतो देव जाणे, पण थवेच्या थवे रानात उतरतात. मग शेतात चार मेढींचा माळा उभा राहतो, घरातले एखादे पोर किंवा म्हातारे माणूस त्यावर चढते आणि दिवस उगवायच्या आत गोफणीचे फटकारे सुरू होतात. गोफणीतला खडा पाखराला लागलाच पाहिजे असे नसते. आवाज लागला तरी पुरे. कोणी शेतकरी लांब कुसळांच्या कणसाची बाजरी पेरतो, कारण कुसळे डोळ्यांत खुपू लागली की चिमणी फारशी रेंगाळत नाही. कोणी बुजगावण्याला आपला जुना सदरा देतो. कोणी चमचमत्या पट्ट्या बांधतो.

आणि हाच माणूस, पीक घरात आले म्हणजे काय करतो? चांगली भरदार कणसे निवडतो, त्यांची जुडी बांधतो आणि ओसरीच्या तुळईला टांगून ठेवतो. कोणासाठी? तर चिमण्यांसाठी. त्याची आई धान्य निवडताना फुटके दाणे अंगणात फेकते, मुंग्यांच्या वारुळापाशी चिमूटभर पीठ-साखर ठेवते, नातवाला भरवताना पहिले घास चिऊकाऊच्या नावाने काढते. पितृपक्षात तर सारे घर पानाला शिवायला कावळा कधी येतो म्हणून छपराकडे डोळे लावून बसते. रानात जो चोर, तोच अंगणात पाहुणा. कोणी याला ढोंग म्हणेल. मला त्यात सरळ हिशेब दिसतो. रानात उभे असते ते वर्षाचे पोट. अंगणात पडते ते पोटाची सोय झाल्यानंतरचे. पहिल्याची राखण केली नाही तर दुसरे उरतच नाही.

हा हिशेब कोणी उत्तम सोडवला असेल तर तो अहिल्याबाई होळकरांनी. आमच्या नगर जिल्ह्याला २०२४ साली त्यांचे नाव मिळाले. त्या याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. त्यांनी बांधलेल्या घाटांविषयी आणि देवळांविषयी आपण पुष्कळ ऐकतो. पण सर जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात एक लहानशी गोष्ट नोंदवून ठेवली आहे. शेतकरी पाखरांना शेतांतून हाकलून लावतात, मग त्यांनी जावे कोठे, म्हणून बाईंनी उभ्या पिकाची शेते विकत घेऊन ती पाखरांना मोकळी करून दिली. मला यातले व्यवहारज्ञान फार आवडते. त्यांनी शेतकऱ्याला भूतदयेवर प्रवचन दिले नाही. त्याच्या धान्याचे दाम त्याला दिले आणि मग दाणा पाखरांना दिला. अशा शेतात खारी आणि उंदीर शिरल्यावाचून राहिले नसणार. पण ज्याला अख्खे शेतच द्यायचे आहे, त्याला दाणे मोजीत बसावे लागत नाही.

आपल्याला ते मोजावे लागतात, कारण आपली देणगी एका पात्रात मावते. जुन्या ओसऱ्या पडल्या, स्लॅबची घरे आली, आणि चिमणीला घरटे करायला वळचण उरली नाही. मूळचे नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांचा प्रश्न हाती घेतला. २०१० सालापासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर गावोगावच्या घरांपुढे लाकडी घरटी, मातीची परळे आणि प्लास्टिकच्या बाटल्या कापून केलेली दाणापात्रे लटकलेली दिसू लागली. शेवगावातही ती दिसतात. पण आमच्या गल्लीत आले ते दाणापात्र मात्र थेट अमेरिकेहून आले.

आमचे शेजारी हे निवृत्त ओव्हरसीयर. जायकवाडीच्या कालव्यांवर त्यांचे अर्धे आयुष्य गेले. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी ज्याची कोनशिला बसवली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी ज्याचे उद्घाटन केले, त्या धरणाचा नाथसागर आमच्या तालुक्याला लागून पसरला आहे. हिवाळ्यात दूरदूरची पाखरे तेथे उतरतात. ओव्हरसीयरसाहेबांचा मुलगाही हिवाळ्यातच येतो. तो न्यू जर्सीला असतो. पाखरे दरवर्षी येतात, तो दोन-तीन वर्षांनी येतो, एवढाच काय तो फरक. मागच्या खेपेला त्याने वडिलांसाठी बॅगेतून हे पात्र आणले. हिरव्या पत्र्याचे, उतरत्या छपराचे, एखाद्या बंगलीसारखे देखणे. पुढे बसायला एक दांडी आणि ती स्प्रिंगवर तोललेली. हलके पाखरू बसले तर दाण्याची खिडकी उघडी राहते. जड प्राणी बसला की दांडी खाली जाते आणि खिडकी मिटते. "बाबा, याच्यावर खारीचं काही चालत नाही," असे मुलाने जाताना सांगितले होते.

मुलाचे काही चुकले नव्हते. त्याने सांगितले ते अमेरिकेतल्या करड्या खारीविषयी. पाखरांना दाणे घालणे हा त्या देशात मोठा छंद आहे आणि खारीला त्या दाण्यांपासून दूर ठेवणे हा त्याहून मोठा. ही करडी खार भारी चिवट. १८७६ साली इंग्लंडात चेशर परगण्यातल्या एका बागेत ती हौसेने सोडण्यात आली, पुढे आणखीही ठिकाणी सोडली गेली, आणि तिने तिथल्या मूळच्या तांबड्या खारीला बहुतेक मुलखातून घालवून दिले. वजनाला ती अर्ध्या किलोच्या आसपास भरते. स्प्रिंगला तेवढे वजन ओळखणे मुळीच कठीण नाही.

आपली खार म्हणजे शेपूट फुलवलेली एक मूठ. वजन शंभर ग्रॅमच्या आगेमागे. आपल्याकडे तिच्या दोन जाती नेहमी दिसतात. एकीच्या पाठीवर तीन पांढुरके पट्टे. दुसरीच्या पाठीवर ते तीन आणि दोन्ही कुशींवर आणखी एकेक, असे पाच. तीन पट्टे रामाच्या तीन बोटांचे, हे ठीक. पाचांचा खुलासा कोणा कीर्तनकाराच्या तोंडून मी ऐकलेला नाही. त्या खारीने वाळू जरा जास्त वाहिली असेल आणि रामाने सबंध पंजाच फिरवला असेल.

तर ही खार पहिल्याच सकाळी कडुनिंबाच्या फांदीवरून उलटी उतरली, दांडीवर बसली आणि निवांत बाजरी खाऊ लागली. खिडकी मिटली नाही. ओव्हरसीयरसाहेबांनी स्क्रू फिरवून स्प्रिंग सैल केली. आता खार बसली की खिडकी मिटू लागली. पण साळुंकी बसली तरी मिटू लागली आणि होला बसला तरीही. साळुंकी शंभर ग्रॅमला थोडी वरच भरते, होला जवळपास तेवढाच. चिमणी बिचारी तीस ग्रॅमच्या आत. पण चिमण्या कधी एकट्या जेवतात का? चार जणी ओळीने बसल्या की खिडकी खाड्कन बंद! त्या वजनकाट्याला चार चिमण्या आणि एक खार सारख्याच. ज्या यंत्राने चोर आणि पाहुणा यांची निवड करायची, त्याला आमच्या शेवगावात दोघांतला फरकच कळेना.

मग पत्र्याचा कोन आला. पात्र झाडावरून काढून परसाच्या मध्ये लोखंडी नळीवर बसवायचे आणि नळीला पाच फुटांवर पत्र्याची उलटी टोपी घालायची, म्हणजे चढणारी खार तिच्या आतून वर डोके काढू शकत नाही. उपाय खरोखर चांगला आहे. मात्र अट अशी की, उडी मारता येईल असे झाड, भिंत किंवा तार पात्रापासून दहा फुटांत असता कामा नये. आमची परसे ती केवढी! एका अंगाला कडुनिंब, दुसऱ्या अंगाला शेवगा, मध्ये कपडे वाळत घालायची तार. सगळीकडून दहा फूट सुटायचे तर पात्र शेजाऱ्याच्या, म्हणजे माझ्या, परसात येत होते. खार तारेवरून आली. तार सोडली, तर शेवग्यावरून आली. शेवग्याची फांदी ठिसूळ, माणसाने हात लावला तरी मोडते. पण खारीने ती कधी मोडली नाही. नळीला ग्रीस चोपडण्याचा बेत वहिनींनी हाणून पाडला. "ते अंगाला चिकटलं की चाटून चाटून मरायची ती. घरात असलं पाप नको," असे त्यांनी बजावले, आणि ते शास्त्रालाही धरूनच होते.

राहिले तिखट. यालाही शास्त्राचा आधार आहे, आणि तो मोठा गमतीचा आहे. मिरचीतला जो जहाल अंश सस्तन प्राण्यांच्या जिभेला आग लावतो, तो पाखरांना जाणवतच नाही. पिंजऱ्यातला पोपट हिरवी मिरची मिटक्या मारीत खातो हे आपल्या आजोबांनीही पाहिले होते. आता कायद्याने देशी पोपट पाळता येत नाही, ही गोष्ट वेगळी. ट्यूक्सबरी आणि नाभान या दोन संशोधकांनी २००१ साली रानमिरचीवरच्या अभ्यासातून दाखवले की उंदरांसारखे प्राणी ती टाळतात आणि पाखरे खुशाल खातात. उंदीर बी चावून टाकतो. पाखराच्या पोटातून ते सबंध बाहेर पडते आणि रुजते. म्हणजे आपले फळ कोणाला द्यायचे हे मिरचीच्या झाडाने आधीच ठरवून ठेवले आहे. आपल्या अंगात ही आग ओळखणारा ग्राहक कोणता, हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ओव्हरसीयरसाहेबांनी बाजरीला आणि भुईमुगाच्या शेंगांना तिखट चोळले. खारीने बाजरी सोडली, शेंगा नेमाने उचलल्या, टरफले काढून खाली टाकली आणि आतले दाणे खाल्ले. दुपारी वारा सुटला. बाजरीवरचे तिखट उडून ज्याच्या डोळ्यांत गेले तो सस्तन प्राणी निवृत्त ओव्हरसीयर होता.

"पाणी आणि खार सारखीच," ते डोळ्यांवर ओला पंचा धरून मला म्हणाले. "पाणी अडवता येत नसतं साहेब, वळवावं लागतं. आख्खी नोकरी त्यात गेली माझी."

पाखरांच्या ताटावर मुळी राखणच असू नये, असे मात्र मी म्हणणार नाही. मांजराला अडवलेच पाहिजे. पात्राच्या खाली झुडूप असले की ते त्याच्या आड दबा धरून बसते आणि आपण घातलेला दाणा म्हणजे पाखराला लावलेला फास ठरतो. सांडलेले दाणे रात्रभर पडू दिले तर उंदीर-घुशी येतात, आणि त्यांच्या मागोमाग सापही येतो. म्हणून संध्याकाळपर्यंत संपेल एवढेच घालावे, पावसात भिजलेले टाकून द्यावे, पात्र घासावे. बुरशी धरलेल्या दाण्याने पाखरे आजारी पडतात. आमच्याकडे उन्हाळ्यात दाण्यापेक्षा पाण्याच्या परळाची गरज जास्त. आणि तेही रोज धुवावे लागते. पुण्यामुंबईकडे प्रश्न पारव्यांचा. मुठीमुठीने घातलेल्या दाण्यांवर त्यांची संख्या किती वाढावी आणि त्यांच्या विष्ठेने माणसांच्या फुप्फुसांना किती अपाय व्हावा, यावरून २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकावा लागला आणि लोक रस्त्यावर आले. भूतदयेलाही माप असावे लागते, हे कबूल.

पण या सगळ्या राखणीमागे कोणाचा तरी जीव आहे. मांजराला अडवायचे ते पाखराच्या जिवासाठी, घुशीला अडवायचे ते आपल्या. खारीला अडवताना आपल्यापाशी असे कोणते कारण असते? ती प्रसंगी पाखरांची अंडी खाते, हे खरे. पण अंडी शोधायला ती दाणापात्रावर येत नाही. आपण तिला अडवतो ते 'हे तुझ्यासाठी ठेवलेले नाही' एवढ्याचसाठी. दान दिल्यावरही त्याच्यावरचा हात आपल्याला काढवत नाही.

हे विचार माझ्या मनात रेंगाळत होते ते एका रविवारमुळे. रविवारी सकाळी मुलाचा फोन येतो. ओव्हरसीयरसाहेबांना थोडे कमी ऐकू येते, त्यामुळे फोन मोठ्या आवाजात लावलेला असतो आणि आमच्यामधली भिंत कमरेएवढी आहे. सुनेची आणि नातवंडांची चौकशी चार वाक्यांत होते, रक्तदाबाच्या गोळीची एका वाक्यात. मग मुलगा विचारतो, "बाबा, खार येते का अजून?" आणि पुढची वीस मिनिटे खारीची. स्प्रिंग किती सैल केली, कोन कसा बसवला, तिने काय तोड काढली. मुलगा तिकडून नवा उपाय सांगतो, बाप त्यातल्या उणिवा दाखवतो.

त्या रविवारी मुलगा आपल्या अंगणातल्या पात्राविषयी बोलत होता. तिथल्या स्वस्त दाण्याच्या पिशवीत एक लाल दाणा घातलेला असतो. पाखरे तो निवडून खाली टाकतात आणि मग जमिनीवर नुसता खच पडतो, असे तो सांगत होता.

"कुठला दाणा?"

"मिलो म्हणतात त्याला. एक प्रकारची ज्वारीच, पण लाल."

पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग ओव्हरसीयरसाहेब म्हणाले, "आम्ही खाल्लाय तो."

१९७२ च्या दुष्काळात ते विशीतले होते आणि खडी फोडायच्या कामावर हजेरी मांडायचे. रानात गोफण फिरवायला काही उरलेच नव्हते. त्या वर्षी अमेरिकेतून आलेला लाल मिलो रेशनवर मिळे. त्या भाकरीचा रंग आणि चव त्या वयाची माणसे आमच्याकडे अजून सांगतात. मुलाला हे ठाऊक नसावे. तोही गप्प झाला. मग त्याने विचारले, "चांगला होता का?"

"भाकरीला वाईट म्हणायचे दिवस नव्हते ते. खाली पडलेला कोण खातं तिकडं?"

"खारीच खातात. आणि होले."

"मग खाऊ दे की. त्यांना कशाला हाकलतो?"

भुकेच्या दिवसांत समोरचे धान्य कोणासाठी पेरले होते हे कोणी विचारीत नाही. ज्याचे पोट भरलेले असते त्याला पाहुणे निवडता येतात, आणि ज्याचा दाणा निवडलेला असतो त्याला तो खाली टाकताही येतो. म्हणून गोफण फिरवणाऱ्या शेतकऱ्याला मी कधी नावे ठेवणार नाही. अंगणातल्या पात्रावर पहारा बसला की मात्र मला तो लाल दाणा आठवतो.

ओव्हरसीयरसाहेबांचा पहारा अर्थात उठलेला नाही. मुलाला दिलेला उपदेश आपल्या परसाला लागू करावा, असा काही नियम नसतो. या दिवाळीला त्यांनी पात्राच्या नळीला नवा, जास्त रुंद कोन बसवला आहे. खार रोज सकाळी येते. आधी ती न्हाणीच्या मागे जाते. तेथे कडुनिंबाच्या खालच्या फांदीला एक नारळाची करवंटी टांगलेली आहे आणि तिच्यात चार शेंगा असतात. त्या खाऊन झाल्या की नेमून दिलेले काम असल्यासारखी ती कोनाकडे वळते. करवंटी वहिनींनी पहिल्या आठवड्यातच टांगली होती. साहेबांना हे ठाऊक आहे का, असे मी त्यांना विचारले.

"ठाऊक नसायला काय झालं? शेंगा तेच आणतात बाजारातून," वहिनी म्हणाल्या. "आणि ती यायची बंद झाली, तर रविवारी बापलेक बोलतील कशावर, भाऊजी?"